मडमचा पाला, टिकलीचं दूध

सावळाराम माळ्याला त्या पाल्यातून काय मिळणार होतं, ते आधी जमेला धरू. एक मोरी. मोरी म्हणजे कालव्याच्या भरावात पाणी सोडायला ठेवलेलं भोक. डोळ्यांत भरावं असं त्यात काही नसतं. पण लासुर्ण्याच्या शिवारातली ही मोरी हाकेच्या अंतरावर, वरच्या अंगाला सरकली असती, तर सावळारामाचा माळ पाण्याखाली आला असता. त्या माळानं आजवर कुसळांखेरीज काही दिलं नव्हतं. खालच्या वाफ्यांत वांगी-मिरची करणारा माणूस एका पावसाळ्यात ऊसवाला झाला असता. आणि ऊसवाल्याला गावात कुणी 'सावळ्या' म्हणत नाही, 'सावळारामराव' म्हणतात. तो राव त्यानं बैलांच्या मागं चालताना पुटपुटून पाहिला होता. जिभेला बरा बसत होता.

खर्चाच्या बाजूला काय? वाफाभर पाला आणि तांब्याभर दूध. निदान सावळारामाचा हिशेब एवढ्यावर थांबत होता.

गोष्ट छत्तीस सालच्या माघातली. कालव्याची पाहणी करायला मोठा साहेब पुण्याहून यायचा, लासुर्ण्याच्या बंगल्यावर उतरायचा. यंदा त्याच्याबरोबर त्याची मडम होती. साहेब विलायतेचा, मडम फ्रान्सची. कालव्यावर देखरेख ठेवणाऱ्या बापूसाहेबांनी इतक्या वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट ओळखून ठेवली होती : साहेब कागद वाचतो तो दुपारच्या जेवणानंतर, आणि जेवण जसं उतरेल तसा वाचतो.

"मोजणी तुझ्या बाजूची आहे सावळाराम," ते म्हणाले होते. "माळाला पाणी चढतं, हे मी मापून दाखवलंय. पण असे कागद साहेबांपुढं ढीगभर पडलेत. त्यातला तुझा त्यांनी वर ओढला पाहिजे. आणि मडम खूश असल्या की साहेब काहीही वर ओढतात."

"मग मडमला काय पायजे?"

"पाला."

मडमला तिच्या माहेरचं एक खाणं हवं होतं. कच्चा हिरवा पाला, त्यावर शेळीच्या दुधाचं चीज तव्यावर ऊन करून ठेवायचं, आणि वरून घरी घुसळलेलं तेल-शिरक्याचं कालवण. पुण्याच्या खानसाम्याला ते जमेना. मडमनं बियांची पुडी बापूसाहेबांच्या हाती दिली, ती सावळारामाच्या वाफ्यात पडली, आणि बघता बघता फुलकोबीच्या शेजारी मऊ, फिक्या हिरव्या पानांचे गड्डे बसले. सालाट, असं बापूसाहेबांनी नाव सांगितलं.

शेजारच्या बांधावरून सोपान बघायचा. "काय सावळाराम, शेळ्यांची खानावळ काढलीस व्हय?"

"हसून घे. पाणी आलं की बोलू."

सालाट झालं. कालवणाचीही चिंता नव्हती. सावळारामाची बायको प्रयागबाई हिच्या फडताळात पोटदुखीवर ठेवलेली जांभळाच्या शिरक्याची, म्हणजे आंबवलेल्या रसाची, बरणी होती, आणि घाण्याचं करडीचं तेल तर घरचंच. कच्चं तेल खायचं म्हणून तिला नवल वाटलं नाही; चटणीवर आपण दुसरं काय घालतो? अडलं ते चीजपाशी. पहिल्या खेपेला तिनं दही टांगून चक्का केला नि बंगल्यावर धाडला. मडमनं तो तव्यावर टाकला, तर त्याचं पाणी होऊन तवाभर पसरलं. बापूसाहेब निरोप घेऊन आले : वितळायला नको, वडी उभी राहायला हवी, वरून नुसती तांबूस व्हायला हवी. त्यासाठी दूध उकळतं असताना त्यात शिरका घालून फाडायचं, फडक्यात बांधायचं, दगडाखाली दाबायचं.

प्रयागबाईचा हात थांबला. "फाडायचं?"

"मग काय झालं?" सावळाराम म्हणाला.

"दूध हाय ते साखरबायचं."

आता हे समजून घ्यायला हवं. साखरबाई म्हणजे सोनबा धनगराची कारभारीण. यंदा सोनबाचा पाय मोडला म्हणून त्यांचा कळप कोकणात उतरला नव्हता, लासुर्ण्याच्या ओढ्याकाठीच होता. तिच्या शेळ्यांमधली टिकली तेवढी दुभती होती, बाकीच्या गाभण. त्या लोकांत दूध तापवावं, प्यावं, विरजावं, घुसळावं. ते सगळं चालतं. जाणूनबुजून फाडायचं मात्र नाही. फाडलं की जनावराचा पान्हा तुटतो, असं ते मानतात. आणि ज्याच्या चुलीवर दूध फाडलं गेलं, त्याच्या रानात वर्षभर कळप बसत नाही.

हा दुसरा भाग सावळारामाला चांगला ठाऊक होता. कारण माळ होता मुरमाड. त्याला नुसतं पाणी पाजलं तर मुरूम ओला होतो, ऊस होत नाही. फाल्गुनात सोनबाची मेंढरं रोज रात्री त्या माळावर बसायची ठरली होती. लेंड्या रानाला, त्याबदली दाणे सोनबाला. पाणी साहेबाकडून, खत सोनबाकडून. या दोन चाकांवर सावळारामाचा राव चालणार होता. आणि एक चाक पुढं न्यायला दुसऱ्याच्या आसात काठी घालायची वेळ आली होती.

"तिला कोण सांगाय जातंय?" तो म्हणाला.

दूध मागायला दोघं गेली. साखरबाई राहुटीपुढं बसली होती, मांडीवर नातू. तिची लेक नकोशी बाळंतपणाला आली होती. तिच्या अंगावर दूध नव्हतं. पोरगं टिकलीच्या दुधावर जगत होतं.

"मडमचं पोट बिघडलंया," सावळारामानं सांगितलं. "शेळीचं दूध प्यायला पायजे म्हणती."

"परवाच तांब्या दिला की."

"तेवढ्यानं भागंना."

साखरबाईनं नातवाकडं बघितलं, मग प्रयागबाईकडं. "आजारी माणसाला न्हाय कसं म्हणू? दोन वक्ताला जरा जास्तीचं पिळून देते. पोराला पानी घालून पाजू. पर पयागे, तापवून द्या, नाय तर विरजून द्या. फाडू नका. तुला ठावं हाय."

"छे, छे!" सावळाराम म्हणाला.

प्रयागबाई काही बोलली नाही. साखरबाईनं तिच्या गप्प राहण्याला होकार धरलं. ओळखीच्या माणसाचं गप्प राहणं असंच खपून जातं.

दुसऱ्या वक्ताचं दूध घरी आल्यावर प्रयागबाईनं दार ओढून घेतलं. दूध उकळीला आलं, फुगलं. तिनं शिरका ओतला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. मागं वळून बघितलं तेव्हा पांढऱ्या गुठळ्या हिरवट पाण्यावर तरंगत होत्या. जांभळाच्या शिरक्यानं त्यांच्यावर फिकी जांभळी झाक आली होती. तिनं त्या गाळल्या, मीठ लावलं, फडक्यात बांधून पाट्याखाली दाबल्या. सावळाराम म्हणाला, चाखून तरी बघ. तिनं बोटाला लागलेलं पदरालाही पुसलं नाही, राखेनं घासून काढलं.

ज्या दिवशी साहेब दुपारी जेवून परत पुण्याला निघणार होता, त्या दिवशी सकाळी दोघं बंगल्यावर गेली. प्रयागबाईच्या डोक्यावर टोपली : तळाला फडक्यात गुंडाळलेली चीजची वडी, वर सालाटचे गड्डे. साहेब कालव्याच्या पाहणीला गेला होता, जेवायला येणार होता. मडमनं मागच्या व्हरांड्यात शेगडी मांडून घेतली होती. हे खाणं तिला आपल्या हातानं करायचं होतं. बापूसाहेब तिचं बोलणं समजावून सांगायला उभे.

मडमनं वडी हातात घेतली, बोटानं दाबली, नाकाशी नेली.

"ट्रे बियाँ!" ती म्हणाली, आणि 'फार छान' हा त्याचा अर्थ बापूसाहेबांना सांगावाच लागला नाही.

मग काम सुरू झालं. प्रयागबाईनं सालाट पानं सोडवून घंगाळात धुतलं, सुपात निथळत ठेवलं. मडमनं वाडग्यात मीठ, वाटलेली मोहरी आणि शिरका घेतला, त्यावर करडीचं तेल थेंब थेंब सोडत काट्यानं घुसळायला लागली. तेल नि शिरका एकमेकांना धरीनात. मग धरलं, पिवळसर दाट झालं. तिनं एक थेंब प्रयागबाईच्या तळहातावर दिला. आंबट, झोंबरं. वाईट नव्हतं.

बारामतीहून मोटारीनं आलेल्या पावाच्या चकत्या तव्यावर पडल्या, त्यांच्या शेजारी वडीचे जाड काप. ते वितळले नाहीत. उभे राहिले, कडेनं तांबूस व्हायला लागले. सावळारामानं खांबाआडून बघितलं आणि त्याचा चेहरा असा झाला की जणू मोरीतून पाणीच सुटलं.

तेवढ्यात पायऱ्यांशी घंटी वाजली. शेळीच्या गळ्यातली.

साखरबाई होती. हातात दोरी, दोरीला टिकली. कपाळावरचा पांढरा ठिपका, आणि कास मात्र लोंबलेली, रिकामी. तिनं पायरीवर बूड टेकलं.

"बापूसायब, आज दूध न्हाय मिळायचं. तेच सांगाय आले. म्हटलं शेळी दाखवावी, न्हाय तर मडमला वाटायचं, धनगरीण लबाड हाय. सकाळपासनं टिकली पान्हा सोडंना. पोरगं रडून रडून निळं पडाय लागलंया."

प्रयागबाईनं तव्यावर ताटली उपडी घातली. वास काही ताटलीखाली राहत नाही. साखरबाईनं मान वर केली, नाक फुलवलं. जन्मभर शेळ्यांत राहिलेल्या बाईला आपल्या जनावराचं दूध ओळखायला डोळे लागत नाहीत.

"काय भाजतंय?"

"पाव," सावळाराम घाईनं म्हणाला.

आणि इथं मडमनं सगळं मातीत घातलं, तेही अगदी चांगल्या मनानं. शेळीवाली आलीय हे तिला कळलं. तिनं ताटली उचलली, तव्यावरचा एक गरम काप सुरीवर घेतला आणि हसत पायरीपाशी जाऊन साखरबाईपुढं धरला. शेळीकडं बोट, कापाकडं बोट. "तुम्हारा बकरी! तुम्हारा दूध! खाव!"

साखरबाईनं हात पुढं केला नाही. कापाकडं नुसतं बघत राहिली.

"हे फाडलेलं हाय," ती म्हणाली. मग आवाज न चढवता : "कुनी फाडलं?"

सावळारामानं बापूसाहेबांकडं बघितलं. बापूसाहेब माणूस वाईट नव्हता, पण दुपारी साहेब येणार होता, आणि आलेल्या साहेबाला बंगल्याच्या पायरीवर तंटा दिसायला नको होता. त्यांनी मडमकडं हात केला. "मडमसाहेबांनी. त्यांच्याकडं तशीच रीत असते."

आपल्याकडं हात झाला, म्हणजे कुणी केलं असं विचारताहेत, एवढं मडमला कळलं. तिनं छातीवर हात ठेवला, मान डोलावली. "हां, हां! हम बनाया!"

यापेक्षा चोख साक्ष कोर्टातही मिळत नाही. आता प्रयागबाईनं फक्त गप्प राहायचं होतं, आणि ते तिला एकदा जमलं होतंच.

"मग झालं," साखरबाई उठली. तिनं दोरी मनगटाला गुंडाळली. "मडमच्या जातीत चालत आसंल. तिला दोष कुठला द्यायचा? तिला कुनी सांगितलंच नसंल."

"व्हय की," सावळाराम म्हणाला. "तिला काय ठावं?"

"पर मग उपाय बी न्हाय राहिला." साखरबाई टिकलीच्या पाठीवरून हात फिरवत होती, बोलत होती ती शेळीशीच. "ज्यानं फाडलं त्यानं तोंडानं कबूल व्हायचं आन् आपल्या रानातलं हिरवं आपल्या हातानं जनावराला घालायचं, तवा पान्हा फिरतो. मडमला कुठलं रान? चल टिकले. आता त्या पोराला कुनाच्या दारात नेऊ?"

ती निघाली. फाटकापर्यंतची वाट काही लांब नव्हती.

प्रयागबाईपुढं सूप होतं. सुपात तिच्या रानातलं, तिच्या हातानं पेरलेलं हिरवं होतं, धुऊन निथळलेलं. सावळारामानं तिच्याकडं असं बघितलं की त्या नजरेत माळ होता, ऊस होता, राव होता, आणि फाल्गुनातली मेंढरंसुद्धा होती. कालव्याच्या रस्त्यानं साहेबाच्या मोटारीचा आवाज यायला लागला.

"साखरबाय!"

साखरबाई थांबली.

"म्या फाडलं. मडमनं न्हाय. माझ्या चुलीवर, माझ्या हातानं."

"अगं ए..." सावळाराम पुढं झाला.

"मागं सरा. लेकरू हाय ते."

तिनं सूप उचललं, पायऱ्या उतरली आणि टिकलीपुढं बसली. टिकलीनं आधी हुंगलं. शिरका अजून पडला नव्हता, हे नशीब. मग तिनं पहिलं पान ओढलं, आणि प्रयागबाई एक एक पान देत गेली. फ्रान्सचं बी, कालव्याचं पाणी, आणि मडमसाठी निवडलेलं कोवळं मधलं पानही. साखरबाई वर उभी राहून बघत होती. ती रागावली नव्हती असं नाही. तिचा जबडा आवळलेला होता.

"तुला इचारलं तवा बोलली न्हाईस," ती म्हणाली.

"न्हाय बोलले."

"दोन वक्त पोराच्या वाटनीचं पिळून दिलं मी. आजारी माणूस म्हणून."

प्रयागबाईनं पुढचं पान दिलं.

फाटकात मोटार शिरली. साहेब उतरला आणि उभाच राहिला : त्याच्या जेवणाचा पाला एक शेळी खात होती. सावळाराम खांबाला टेकला. आता जे काही घडणार होतं ते बापूसाहेबांच्या तोंडातून घडणार होतं. त्यांनी साहेबाकडं बघितलं, मडमकडं बघितलं, घसा साफ केला आणि इंग्रजीत काहीतरी बोलले. मागाहून त्यांनीच सांगितलं ते असं : "इकडची पद्धत आहे, साहेब. जिचं दूध, तिला पहिला घास."

मडमनं टाळ्या वाजवल्या. साहेब हसला. सुपात तळाला मूठभर पानं उरली होती, ती मडमनं ताटलीत मांडली, मधोमध पावावरचे तांबूस काप ठेवले, वरून कालवण ओतलं. पाला थोडा, चीज फार. मडम म्हणाली, आईच्या हातचं असंच असायचं, आई पाल्याच्या बाबतीत कंजूषच होती. साहेबानं दोनदा घेतलं. मग कागद मागवले. सावळारामाचा कागद वर निघाला.

साखरबाई तोवर फाटकाबाहेर गेली होती. जाताना तिनं सावळारामाला तेवढं सांगितलं. "मेंढरं न्हाय बसायची बाबा यंदा तुझ्या माळावर. मी म्हणते म्हणून न्हाय. रीत हाय. आन् पयागे, नातवाचं उष्टावण होईस्तवर तुझ्या चुलीवर दूध चढू द्यायचं न्हाय."

संध्याकाळी टिकलीनं पान्हा सोडला. दोन वक्त ओरबाडलेल्या शेळीला सकाळभर विसावा नि पोटभर कोवळं हिरवं मिळालं, तर ती पान्हावणारच, असं सोपान म्हणाला. कबुलीनं पान्हा फिरला, असं साखरबाई म्हणाली. टिकलीला कुणी विचारलं नाही. नकोशीचं पोरगं प्यालं आणि झोपलं.

आता मांडून टाकू. मडमला माहेरचा घास मिळाला. साहेबाला दोन वाढी मिळाल्या. बापूसाहेबांची बदली बारामतीला झाली, त्यांना हवी होती तिथंच. मोरी सरकली, माळावर पाणी चढलं, आणि सावळारामाच्या नावाला रावही लागला. सोपानच लावायचा, खत पुरेना म्हणून पिवळ्या पडलेल्या उसाकडं बघत. सावळारामराव त्या उष्टावणापर्यंत बिनदुधाचा चहा प्यायले, तेवढा त्यांचा भुर्दंड.

बाकीचं दोघींनी भरलं. प्रयागबाई उन्हाळाभर बाजाराच्या तळावरून शेणखताच्या टोपल्या डोक्यावर वाहून माळावर नेत होती. सोनबाचा कळप सोपानाच्या रानात बसला. कळपाला दुसरी जागा उरली नाही हे सोपानानं ओळखलं आणि मापात हात आखडला. साखरबाईच्या घरात त्या साली दाणे कमी आले. तरी ती रोज मेंढरं पाण्यावर नेताना सावळारामाच्या बांधावरून, लांबच्या वाटेनं, सावकाश न्यायची. सोनबानं विचारलं तेव्हा म्हणाली, "बसायचं न्हाय, असं हाय. चालायचं न्हाय, असं कुनी सांगितलं?" बांधावर पडलेल्या लेंड्या प्रयागबाई गोळा करायची. दोघी एकमेकींशी बोलायच्या नाहीत.

त्या वडीचा तुकडा दोघींपैकी एकीच्याही तोंडाला लागला नव्हता.